नेमका कोणता डोंगर राखायचा?

केरळातल्या दोन जागा घेऊ. पहिली तट्टेकाड. पेरियार नदीकाठचं, जेमतेम २५ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. डोंगराच्या पायथ्याशी, कमी उंचीवर, दाट झाडीत वसलेलं. इथे सुमारे तीनशे जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. भारतीय द्वीपकल्पात पक्ष्यांच्या बाबतीत याहून समृद्ध ठिकाण नाही, असं सलीम अलींचं मत होतं, आणि आज या अभयारण्याला त्यांचंच नाव आहे. दुसरी जागा वायनाडमधल्या बाणासुर डोंगराचा माथा. उंची दोन हजार मीटरच्या आसपास. वारा, धुकं, खुरटी झाडं, मधूनमधून गवत. इथे दिवसभर हिंडलं तरी पक्ष्यांची यादी फारशी लांबत नाही. मात्र त्या छोट्या यादीत बाणासुर चिलप्पन असतो. आपल्या सातभाईंच्या कुळातला हा पक्षी वायनाड आणि लगतच्या कर्नाटकातल्या मोजक्या उंच माथ्यांवर राहतो. जगात आणखी कुठेही तो नाही.

आता समजा पैसा, माणसं आणि वेळ यांतल्या एकाच जागेला पुरेल इतकाच आहे. कोणती निवडायची?

यादीची लांबी पाहिली तर तट्टेकाड. पण तट्टेकाडला दिसणारे बहुतेक पक्षी घाटाच्या पायथ्याच्या इतर जंगलांतही आहेत. बाणासुरचा माथा गेला, तर एका जातीच्या मोजक्या घरांपैकी एक गेलं, आणि त्याला पर्याय नाही. संवर्धनाच्या शास्त्रात याला जागेची ‘अपर्यायता’ म्हणतात. डोंगराळ प्रदेशात अग्रक्रम ठरवताना सगळ्यात आधी तिचा विचार व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तट्टेकाड राखू नये, असा याचा अर्थ नाही. दोन्ही जागा राखण्याजोग्या आहेत, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. ती कारणं एकात मिसळली की नकाशा चुकतो.

किती चुकतो, याचा अंदाज २००५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासातून येतो. अभ्यासकांनी जगभरातल्या पक्ष्यांचे तीन नकाशे केले. सर्वाधिक जाती कुठे, लहानशा क्षेत्रातच राहणाऱ्या (अल्पक्षेत्री) जाती कुठे आणि धोक्यातल्या जाती कुठे, असे ते तीन नकाशे. प्रत्येकातले सर्वांत महत्त्वाचे भाग निवडून ते एकमेकांवर ठेवले, तर तिन्हींत सामाईक निघालेला भाग होता अवघा अडीच टक्के. आपल्याकडे केरळ पक्षी ॲटलासनं हीच गोष्ट एका राज्याच्या पातळीवर दाखवून दिली. २०१५ ते २०२० या काळात हजारावर स्वयंसेवकांनी राज्यभर आखलेल्या चौकटींत, वर्षातून दोनदा, ओल्या आणि कोरड्या मोसमात, पक्षी मोजले. सुमारे तीन लाख नोंदी, ३६१ जाती. जातींची विविधता उत्तर आणि मध्य केरळात जास्त निघाली. प्रदेशनिष्ठ जाती घाटात एकवटलेल्या होत्या. आणि धोक्यात आलेल्या जाती बहुतांशी किनाऱ्यालगत सापडल्या. एकाच राज्यात तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं! म्हणून ‘महत्त्वाची जागा कोणती’ असं कुणी विचारलं की आधी विचारावं लागतं, कशासाठी महत्त्वाची?

जागतिक पातळीवर याचं एक मोठं उत्तर ‘बर्डलाइफ इंटरनॅशनल’ या संस्थेनं दिलं. ज्या जातीचं प्रजननक्षेत्र ५० हजार चौरस किलोमीटरपेक्षा कमी, ती अल्पक्षेत्री, असा सरळ निकष त्यांनी घेतला. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख सात हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ही मर्यादा त्याच्या साधारण एक षष्ठांश. अशा अडीच हजारांहून अधिक जाती निघाल्या, जगातल्या पक्ष्यांच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. १९९८ सालच्या ग्रंथात त्यांनी जगभरातले २१८ प्रदेश असे दाखवले, जिथे या जाती दाटीनं एकत्र येतात. त्यांत डोंगर आणि बेटं यांचाच भरणा आहे. पश्चिम घाट त्यातला एक, १६ अल्पक्षेत्री जातींसह. पण संपूर्ण पश्चिम घाट म्हणजे गुजरातच्या सीमेपासून कन्याकुमारीपर्यंतची सोळाशे किलोमीटरची रांग. एवढ्या मोठ्या प्रदेशावर बोट ठेवून ‘हे जपा’ म्हटल्यानं वनरक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. त्यासाठी प्रदेशाच्या आतली नेमकी ठिकाणं ओळखावी लागतात. भारतात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं २००४ मध्ये अशी ४६५ ठिकाणं प्रसिद्ध केली, २०१६च्या सुधारित यादीत ती ५५४ झाली. २०१६ मध्येच आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानं सर्व सजीवांसाठी समान निकष आखून दिले. त्यात आकडे बारकाईनं ठरवलेले आहेत. उदाहरणार्थ, एखाद्या अल्पक्षेत्री जातीच्या जगातल्या संख्येपैकी किमान दहा टक्के पक्षी एका जागी असतील आणि तिथे प्रजनन करू शकणाऱ्या किमान दहा जोड्या असतील, तर ती जागा यादीत येते.

निकष हाती आले, तरी डोंगरात एक अडचण उरते. जात नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते?

निलगिरी, अन्नामलाई, पळणी, अगस्त्यमलाई ही नावं नकाशावर एका रांगेत दिसतात. पक्ष्याच्या दृष्टीनं ती एकमेकांपासून तुटलेली बेटं आहेत. साधारण १४०० मीटरच्या वर थंड हवेची शोला जंगलं आणि त्यांच्याभोवती गवताळ माथे. खाली उष्ण, कोरड्या दऱ्या. वरच्या थंडीला सरावलेला लहान पक्षी त्या दऱ्या ओलांडत नाही. पालघाटची खिंड तर तीस-चाळीस किलोमीटर रुंद. व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माथ्यांवरच्या वीसहून अधिक जातींच्या पक्ष्यांचा जनुकीय अभ्यास केला. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. दरी जितकी खोल आणि रुंद, तितक्या जास्त जातींमध्ये तिनं फूट पाडली होती. पालघाटच्या खिंडीचा परिणाम सर्वाधिक जातींवर दिसला, दक्षिणेकडच्या शेनकोट्टाच्या खिंडीचा त्याहून कमी.

या अभ्यासातून पुढे २०१७ मध्ये पक्ष्यांच्या दोन नव्या प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, मांडल्या गेल्या. त्यातली एक शोलाकिलींची, जंगलाच्या जमिनीवर वावरणाऱ्या छोट्या निळ्या पक्ष्यांची. शेनकोट्टाच्या दक्षिणेकडचा शोलाकिली तर स्वतंत्र जात म्हणून प्रथमच ओळखला गेला. दुसरी प्रजाती चिलप्पनांची. बाणासुर, निलगिरी, पळणी आणि अगस्त्यमलाई अशा चार डोंगरभागांतले चार चिलप्पन. पळणीचा जो चिलप्पन आहे, त्याच्या शास्त्रीय नावात सॅम्युअल फेअरबँक यांचं नाव आहे. हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री, नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याला राहून काम करणारे. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसरातल्या पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी सह्याद्रीच्या जुन्या नोंदींत आजही मोलाची आहे. पळणीच्या डोंगरात त्यांनी गोळा केलेल्या पक्ष्यांवरून ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये त्या जातीचं वर्णन केलं.

वर्गीकरणातला हा बदल पुस्तकापुरता राहत नाही. एक जात चार डोंगरांवर आहे असं मानलं, की त्यातला एक डोंगर गमावणं परवडेल असं वाटतं. चार डोंगरांवर चार जाती आहेत हे कळलं, की कुठलाच गमावता येत नाही. बाणासुर चिलप्पनाची आज संकटग्रस्त म्हणून गणना होते, ती यामुळेच.

या माथ्यांवर आणखी एक गोष्ट बराच काळ नजरेआड राहिली. जंगल म्हणजे झाडं, या समजुतीनं शोलांभोवतीचे गवताळ माथे ‘पडीक’ धरले गेले आणि त्यांवर वॅटल, निलगिरी, पाइन लावले गेले. निलगिरी तिरचिमणी हा पक्षी केवळ या उंचावरच्या गवतातच राहतो आणि जमिनीवरच घरटं करतो. त्याच्या दृष्टीनं वॅटलचं रोपण म्हणजे घर पाडणं. पळणीच्या डोंगरात चार दशकांत दोन तृतीयांश गवताळ प्रदेश नाहीसा झाल्याचं उपग्रहचित्रांच्या अभ्यासातून २०१८ मध्ये स्पष्ट झालं. हिरवा रंग जितका गडद तितकी जागा मोलाची, असं गृहीत धरून केलेल्या नकाशात ही हानी दिसणारच नाही, उलट तिथे ‘वनाच्छादन वाढलं’ अशी नोंद होईल. अग्रक्रमाच्या जागा शोधणाऱ्याला कुठली झाडं नकोत, हेही सांगता आलं पाहिजे.

आता पुराव्याकडे वळू. कारण सगळे निकष शेवटी नोंदींवर उभे असतात, आणि डोंगरातल्या नोंदी सहसा रस्त्याच्या कडेच्या असतात. उटी, मुन्नार, महाबळेश्वर इथे माणसं जातात, तिथल्या नोंदी भरपूर. दोन डोंगर पलीकडची सोंड कोरी. कोरी जागा म्हणजे पक्षी नसलेली जागा नव्हे, हे नकाशा पाहणारा विसरतो. याच्या उलट चूकही होते. जुन्या वितरण-नकाशांत एखाद्या जातीचं क्षेत्र सलग रंगवलेलं असतं, त्यात कोरड्या दऱ्या, चहाचे मळे, गावं सगळं आलेलं असतं. २०१७ साली विजय रमेश आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या १८ प्रदेशनिष्ठ पक्ष्यांचे अधिकृत नकाशे पक्षीनिरीक्षकांच्या हजारो नोंदींशी ताडून पाहिले. १८ पैकी १७ जातींचं क्षेत्र प्रत्यक्षापेक्षा मोठं दाखवलेलं निघालं. कागदावर ऐसपैस राहणारा पक्षी प्रत्यक्षात चिंचोळ्या पट्ट्यात जगत होता.

चुकीच्या नोंदीचं याहून विलक्षण उदाहरण आपल्या सातपुड्याचं आहे. रानपिंगळा हे लहानसं घुबड ह्यूम यांनी १८७३ मध्ये जगापुढे आणलं. पुढे खानदेशात सरकारी नोकरीत असलेल्या डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने मिळवले, तेही १८८४ पर्यंतच. त्यानंतर हा पक्षी सापडेना. संग्रहालयांत उरले होते अवघे सात नमुने, आणि त्यातला सर्वांत अलीकडचा १९१४ साली गुजरातेत तापीकाठी, मांडवीजवळ मिळाल्याचं त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं. तो नमुना कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा. पक्षी शोधणाऱ्यांनी साहजिकच या ताज्या पत्त्यावर भर दिला. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला. शिवण, कापूस, पक्षी भरण्याची पद्धत पाहिली, तेव्हा उघड झालं की हा डेव्हिडसन यांचाच जुना नमुना आहे. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. मांडवीचा पत्ता बनावट होता. मग शोध खऱ्या पत्त्यांवर सुरू झाला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागाच्या विरळ जंगलात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा दिसला. भर दिवसा, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसलेला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात मिळाला आणि २०१४ मध्ये थेट तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईपासून फार लांब नाही अशा ठिकाणी. मेळघाटचा अग्रक्रम वाघामुळे आधीच ठरलेला होता. शहादा-तळोद्याकडचं विरळ, अतिक्रमणानं कुरतडलेलं सागवान मात्र कुठल्याही सुंदर जंगलांच्या यादीत आलं नसतं. त्याला यादीत आणलं ते एका घुबडानं आणि संग्रहालयातल्या एका प्रामाणिक तपासणीनं.

जागा सापडली, पुरावाही पक्का झाला. पण डोंगरातला पक्षी बारा महिने एका उंचीवर राहत नाही. हिमाचलात कुल्लूकडे जुजुराणा म्हणून ओळखला जाणारा पश्चिमी ट्रॅगोपान उन्हाळ्यात उंचावरच्या जंगलात वीण करतो आणि बर्फ पडलं की खाली उतरतो. हिमालयातले कितीतरी लहान पक्षीही हिवाळ्यात असेच उतरतात. पॉल एल्सन आणि सहकाऱ्यांनी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात हिवाळ्यात मोजणी केली, तेव्हा साध्या पद्धतीच्या शेतीच्या जमिनीवर जंगलापेक्षा जास्त जाती आणि जास्त पक्षी आढळले. बांध, मधली झाडं, काढणीनंतरचं शेत, यांवर उंचावरचे पक्षी हिवाळा काढत होते. ज्यानं फक्त मे महिन्यात सर्वेक्षण केलं, त्याच्या नकाशात ही शेतं येणारच नाहीत. आणि जगभरातली संरक्षित क्षेत्रं पाहिली तर ती बरीचशी उंच, चढणीची, रस्त्यांपासून दूर अशा जमिनीवर आहेत, जिथे शेती किंवा वस्ती होण्याचा संभव मुळातच कमी होता. २००९च्या एका जागतिक अभ्यासानं हे आकड्यांत मांडलं. पक्ष्यांना हिवाळ्यात लागणारा खालचा उतार मात्र उघडाच राहतो.

तापमानवाढीमुळे हा उताराचा प्रश्न आणखी बिकट होतो. पेरूमधल्या पांतियाकोल्या या डोंगरधारेवर १९८५ मध्ये पक्ष्यांची उंचीनुसार मोजणी झाली होती. २०१७ मध्ये बेंजामिन फ्रीमन यांनी त्याच वाटेवर पुन्हा मोजणी केली. बहुतेक जाती वर सरकलेल्या होत्या, आणि माथ्याशी राहणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत. वर सरकायला जागाच उरली नव्हती. मात्र सगळे डोंगर सारखे नसतात. एल्सन आणि टिंग्ली यांनी १८२ पर्वतरांगा मोजून दाखवलं, की वर जाऊ तसा निमुळता होत जाणारा डोंगर हा प्रकार फक्त सुमारे एक तृतीयांश रांगांत आहे. काही रांगांत मधल्या उंचीवर जमीन सर्वाधिक असते, हिमालयात ती मध्ये आवळून वर पुन्हा पसरते. म्हणून पक्षी कुठे आक्रसले जाणार, हे रांगेगणिक बदलतं. आपला उत्तर सह्याद्री या हिशेबात फार बेताचा. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, तीही एका शिखरापुरती. महाबळेश्वरच्या पठारावरच्या पक्ष्याला वर जायला फारसं काही नाही. त्याच्यासाठी पठार, कडा आणि कोकणातली दरी अशी सलग, सावलीची, पाण्याची जमीन राखणं हाच उपाय दिसतो.

अशी सलग चढण जिथे आजही टिकून आहे, ती जागा म्हणजे अरुणाचल प्रदेशातलं ईगलनेस्ट अभयारण्य. पाचशे मीटरपासून सव्वातीन हजार मीटरपर्यंत अखंड जंगल, क्षेत्र सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आत. इथल्या पक्ष्यांवर काम करणारे रमणा आत्रेय हे खगोलशास्त्रज्ञ. १९९५ मध्ये त्यांना एक अनोळखी पक्षी दिसला, पुन्हा दिसला २००५ मध्ये. सातभाईंच्याच विस्तारित कुळातला, पण शास्त्राला सर्वस्वी नवा. संख्या इतकी कमी, की नमुन्यासाठी एकही पक्षी मारायचा नाही असं त्यांनी ठरवलं आणि २००६ मध्ये छायाचित्रं, आवाज आणि पिसं यांच्या आधारे बुगुन लिओसिक्ला या नावानं त्याचं वर्णन केलं. नाव तिथल्या बुगुन समाजाचं.

हा पक्षी मात्र मुख्यतः अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहतो. सिंगचुंग गावाजवळ, बुगुनांच्या सामूहिक जमिनीवर, दोन हजार मीटरच्या आसपास, जिथे झाडी थोडी उघडी आहे. सरकारी हद्द आणि पक्ष्याची हद्द जुळली नाही. अशा वेळी अभयारण्य वाढवण्याची मागणी करणं सोपं असतं. इथे वेगळी वाट धरली गेली. गावानंच २०१७ मध्ये आपल्या जमिनीपैकी १७ चौरस किलोमीटर सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करायला संमती दिली, आणि गस्त घालायला गावातलीच मुलं नेमली गेली. जमिनीची मालकी गावाकडेच राहिली.

महाराष्ट्राला हे उदाहरण दूरचं नाही. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं पश्चिम घाटाची प्रत्येकी सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकटींत विभागणी करून उंची, उतार, जंगलाचं प्रमाण, प्रदेशनिष्ठ वनस्पती अशा निकषांवर संवेदनशीलता ठरवली. संपूर्ण घाटासाठी ही पद्धत पारदर्शक होती, आणि अंतिम आखणी ग्रामसभांशी बोलून व्हावी हा समितीचा आग्रह तर मला त्या अहवालातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. पण नऊ किलोमीटरच्या एका चौकटीत कोकणातला पायथा, कडा आणि घाटमाथा असं सगळं मावतं. धनेश, ज्याला कोकणात ककणेरही म्हणतात, तो घरटं करतो एखाद्या देवराईतल्या किंवा परसामागच्या जुन्या, ढोलीच्या झाडात. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे. तिथे लाकूडतोडीचा सौदा ठरतो तो भावकीत, एकेका सातबाऱ्यावर. या पट्ट्यात अग्रक्रमाच्या जागा शोधायच्या तर मोजणी उंचीच्या प्रत्येक टप्प्यावर, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, दोन्ही वेळा व्हायला हवी, आणि घरट्याचं झाड सापडलं की पुढचा प्रश्न गट नंबराचा असला पाहिजे. त्या गटाचे खातेदार कोण, त्यातले मुंबईला कोण राहतात, झाड उभं ठेवण्याबद्दल त्यांना वर्षाकाठी काय देता येईल, हे ठरवणं हाही सर्वेक्षणाचाच भाग आहे. पक्षी मोजणारा आणि तलाठ्याकडे बसून उतारे काढणारा, हे दोघं एकाच गटात असले पाहिजेत.